घोडा जगतो का?

घोड्यांवर जीव असलेल्या माणसांना सिनेमाबद्दल एकच प्रश्न पडतो. गोष्ट कशाची, नट कोण, गाणी किती, यातलं काहीही त्यांना नको असतं. घोडा जगतो का, तेवढं सांगा. पडद्यावर माणसं पटापट मेली तरी ही मंडळी निवांत पॉपकॉर्न चघळत बसतात. सैन्यच्या सैन्य कापलं जात असताना यांचा जीव टांगलेला असतो तो धन्यावाचून मोकाट सुटलेल्या एका घोड्यावर, की बाबा याचा लगाम कुठे पायात अडकू नये. आणि घोडा जरा लंगडायला लागला की अख्ख्या रांगेच्या तोंडचं पाणी पळतं.

शहराच्या कडेला असलेल्या घोडेस्वारीच्या एका शाळेत या दुखण्यावर तोड काढलेली होती. घोड्याचा सिनेमा लागला की शाळेचा नालबंद आधी एकटा जाऊन तो बघून यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीपाशी सगळे जमायचे. तो हातोडा खाली ठेवायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा. "जगतो," म्हणाला की सगळ्यांची तिकिटं निघायची. "मरतो," म्हणाला की त्या सिनेमाचं नाव तबेल्यात पुन्हा कोणी काढायचं नाही.

या कामगिरीवर नालबंदच का, याची चर्चा कधी झाली नाही. त्याला सगळे ऐरण म्हणत. कितीही ठोका, आवाज होईल पण खूण उमटणार नाही, असं त्याच्याबद्दल तबेल्याला दाणा पुरवणाऱ्या दाणावाल्याचं मत होतं. एखाद्या घोड्याची वेळ भरली आणि डॉक्टरीणबाईंनी बॅगेतून ती मोठी सुई काढली की त्या एवढंच म्हणत, "ऐरणला बोलवा." घोड्याचं डोकं कोणीतरी धरावं लागतं. ज्याचा घोडा त्याच्याच्याने ते होत नाही. ऐरण गुडघे टेकून बसायचा, डोकं मांडीवर घ्यायचा, आणि सगळं आटोपलं की पँटला चिकटलेला पेंढा झटकून, हात धुऊन, अर्धवट राहिलेला खूर कानशीने घासायला परत जायचा. त्याची बायको सांगायची, "मी माहेर सोडलं तेव्हा आमचं कुत्रंसुद्धा रडलं. हे आपले गाडीच्या घोड्याचे नाल बघत होते."

एक गोष्ट मात्र बायको सोडून कोणालाच ठाऊक नव्हती. ऐरणने आजवर एकाही घोड्याच्या सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता.

खऱ्या घोड्याचं डोकं मांडीवर घ्यायला त्याची ना नव्हती. तिथे हाताला काम असतं. कानामागे खाजवायचं, डोळ्यावर सावली धरायची, बाईंसाठी मान मोकळी ठेवायची. पण खुर्चीत बसून, रिकाम्या हाताने, नुसतं बघत राहायचं हे त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. संगीत हळू झालं आणि घोड्याने मान खाली घातली की तो उठायचा, अंधारात दोनचार जणांच्या पायांवर पाय देत बाहेर यायचा आणि दारवानाला विचारायचा.

दारवान हा त्या विषयातला अधिकारी माणूस. सिनेमा संपायच्या जरा आधी दारं उघडायची हे त्याचं काम, त्यामुळे त्याने हजारो शेवट पाहिले होते आणि सिनेमा एकही नाही. ऐरणने सुरुवाती पाहिल्या होत्या. दोघांचा मिळून एक धड प्रेक्षक होत होता. दारवान म्हणाला, "शेवटी माणसं टोप्या काढून उभी राहतात," तर घोडा मरतो. "घोडा पळतो मैदानात," तर जगतो. या पद्धतीने आजवर दगा दिला नव्हता, आणि पद्धतीने दगा दिला नाही म्हणजे ती बरोबर आहे, असं मोठमोठ्या कचेऱ्यांतूनसुद्धा मानलं जातं.

आता मास्तरांबद्दल. शाळेतले सर्वांत जुने शिक्षक. शहरातले निम्मे घोडेस्वार त्यांच्या डोळ्यांदेखत पडलेले आणि त्यांच्याच "उठा, घोडा थांबलाय तुमच्यासाठी," या वाक्यावर उठलेले. त्यांची स्वतःची घोडी होती. तिला सगळे बाईसाहेब म्हणत आणि तीही तशीच वागे. मास्तरांखेरीज कोणाच्या हातून गाजरसुद्धा आधी तोंड फिरवल्याशिवाय घेत नसे. थंडी सरता सरता तिच्या पोटात पीळ पडला. सकाळपासून तिला फिरवली, डॉक्टरीणबाईंनी नळी घातली, औषधं झाली. दुपारी ती तबेल्यातल्या आपल्या ठाणात उजव्या कुशीवर आडवी झाली ती उठेना. डॉक्टरीणबाईंनी बॅग उघडली आणि मास्तरांकडे बघितलं.

मास्तरांनी घोडीच्या कपाळावर हात ठेवला. "पाणी घेऊन येतो," म्हणाले आणि बाहेर गेले. अंगणातल्या टाकीपाशी पाठमोरे उभे राहिले. पाणी घेऊन काही आले नाहीत.

सगळं झाल्यावर ऐरण बाहेर आला तेव्हा मास्तरांनी न वळताच विचारलं, "माझी वाट नाही ना पाहिली तिने?"

"नाही मास्तर. तिला कळलंसुद्धा नाही."

हे खोटं होतं. घोडीचा वरचा कान शेवटपर्यंत टाकीच्या दिशेने वळलेला होता. मास्तर तिथे एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत होते, त्या बुटांच्या आवाजाबरोबर तो कान हलत होता. ऐरणने तो हाताने झाकून बघितला. हाताखालीही तो हललाच.

मास्तर त्या दिवशी घरी गेले ते तबेल्यात परत आलेच नाहीत.

काही आठवड्यांनी त्यांची लेक भट्टीपाशी आली. "काका, बाबा धड जेवत नाहीत. खिडकीत बसून असतात. घोड्याचा विषय काढला की रेडिओ मोठा करतात. तो टपालाच्या घोड्याचा सिनेमा लागलाय ना, तो बघून याल? शेवट चांगला असेल तर त्यांना घेऊन जाईन म्हणते. घोडा दिसेल तरी डोळ्यांना."

ऐरण बघून आला. म्हणजे त्याच्या पद्धतीने. डोंगरातल्या एका म्हाताऱ्या टपालवाल्याचा तांबडा घोडा. नवीन मोटार येते, घोडा खाणीला विकला जातो. खाणीच्या उतारावर ओल्या दगडावरून त्याचा पाय घसरला आणि तिथेच ऐरणही खुर्चीतून सटकला. बाहेर दारवान भिंतीला टेकून उभा होता.

"पळतो," दारवान म्हणाला. "हिरवंगार मैदान, छान ऊन. शेपूट बघा नुसती, झेंड्यासारखी."

दुसऱ्या दिवशी ऐरणने निकाल दिला. जगतो. संध्याकाळी मास्तरांच्या लेकीचा फोन आला. आवाजातून आनंद नुसता ओसंडत होता. "काका, बाबा येतायत! आधी नाहीच म्हणत होते. मग विचारलं, ऐरण म्हणाला का तसं? मी हो म्हटलं. तर म्हणाले, मग येतो. तो खोटं बोलणाऱ्यातला नाही, बाईसाहेबांच्या वेळी तोच होता तिथे."

ऐरणने फोन ठेवला आणि उगाच कोपऱ्यातली कानस उचलून परत तिथेच ठेवली. एका शब्दावर दुसरा शब्द रचला गेला होता. त्यातला खालचा कसा होता हे त्याला माहीत होतं. वरच्याबद्दल दारवानावर भरवसा होता.

रविवारच्या दुपारच्या खेळाला शाळेची मंडळी एका रांगेत बसली. कडेला ऐरण, त्याच्या शेजारी मास्तर, मग लेक, पलीकडे डॉक्टरीणबाई आणि शेवटी दाणावाला, ज्याने सुरुवातीलाच दोन मोठे रुमाल मांडीवर पसरून घेतले होते. "आनंदाश्रूंसाठी," तो म्हणाला.

पहिला अर्धा भाग मजेत गेला. म्हणजे घोडेवाल्यांच्या मजेत. पडद्यावर टपालवाल्याची बायको वारली तेव्हा दाणावाला म्हणाला, "तंग किती सैल ठेवलाय बघा, खोगीर घसरेल की म्हाताऱ्याचं." पुढच्या रांगेतल्या एका बाईने वळून बघितलं. मास्तर बरेच दिवसांनी काहीतरी बोलले. "टाचा खाली," पडद्यावरच्या स्वाराला त्यांनी हळूच बजावलं. लेकीने अंधारात ऐरणकडे बघून डोळे मिटून मान हलवली. देवासारखे धावलात, असं त्या मानेचं म्हणणं होतं.

मग खाणीचा उतार आला. घोड्याचा पाय घसरला. रांगेतल्या सगळ्यांनी एकदम श्वास ओढला आणि सगळ्यांची तोंडं ऐरणकडे वळली. मास्तरांच्या हाताने त्याचं मनगट पकडलं. गार हात.

"जगतो ना?"

"जगतो."

मध्यंतराचे दिवे लागले. ऐरण बाहेर आला. त्याला पाणी नको होतं, काही नको होतं. फक्त दारवानाच्या तोंडून ते मैदान पुन्हा एकदा ऐकायचं होतं.

"पळतो म्हणजे काय, उधळतो!" दारवान खुशीत होता. "आणि काय देखणा प्राणी हो. मागचा एक पाय पांढराशुभ्र. मोजा घातल्यासारखा."

ऐरण जागच्या जागी थांबला. "कुठला पाय म्हणालात?"

"मागचा. का?"

नालबंद घोड्याकडे बघतो ते खालून वर. सिनेमातल्या घोड्याच्या डोळ्यांबद्दल त्याला शपथेवर काही सांगता आलं नसतं. पण टपालवाल्याच्या घोड्याचे चारही पाय त्याच्या डोळ्यांसमोर होते. चारही गुडघ्यांपासून खाली काळे. पांढरा केससुद्धा नाही.

"तो दुसरा घोडा आहे," ऐरण म्हणाला.

"दुसरा कसा? तांबडाच आहे की!"

"त्याचं शिंगरू असेल. मोठं झालेलं." ऐरणने आतल्या रांगेकडे बघितलं. "म्हणजे हा मरतो."

दारवानाचा चेहरा पडला. "तसं असेल बुवा. मी शेवटचाच बघतो."

घंटा झाली. ऐरण आत आला तो थेट मास्तरांपाशी. "मास्तर, चला, बाहेर चहा घेऊ."

"आता? खेळ सुरू होतोय."

"पाय अवघडले असतील तुमचे."

"माझे पाय मला कळतात. बस."

"गर्मी होतेय इथे—"

"ऐरण," मास्तर म्हणाले, आणि चक्क हसले, "घोडा घरी कसा परत येतो ते बघायला मी इतक्या दिवसांनी घराबाहेर पडलोय. बस म्हणतो ना."

दिवे गेले. लेक पलीकडून वाकून पुटपुटली, "काय झालं हो काका?" ऐरणने मान हलवली, काही नाही. ती निश्चिंत होऊन मागे टेकली.

खाणीतून सुटलेला घोडा बर्फातून खिंड चढू लागला. रांगेत नाकं सुरसुरायला लागली, पण ते सुखाचं रडं होतं. आपल्याला शेवट ठाऊक आहे या भरवशावर केलेलं. ऐरण मात्र नाकपुड्या बघत होता, बरगड्या बघत होता. घोडा प्रत्येक पावलाला पुढचा डावा पाय जपत होता. आता उठून जाता येत नव्हतं. मास्तरांचा हात अजून त्याच्या मनगटावर होता, आणि मांडीवर घ्यायला कुठलं डोकं नव्हतं.

घोडा घरी पोहोचला. दाणावाल्याने टाळी वाजवली. टपालवाल्याने दार उघडलं, कंदील वर धरला. घोडा आत गेला, स्वतःभोवती एक चक्कर घेतली, आणि गुडघे मोडून आडवा झाला.

डॉक्टरीणबाई सरळ होऊन बसल्या. त्यांना कळलं होतं.

पडद्यावरचा म्हातारा घोड्यापाशी क्षणभर थांबला. मग बाहेर गेला आणि दाराकडे पाठ करून पायरीवर बसला.

मास्तरांचा हात घट्ट झाला.

"मास्तर," ऐरण त्यांच्या कानाशी म्हणाला. "हा मरतो. चला उठा."

"तू म्हणालास जगतो."

"मी शेवट पाहिला नव्हता. कधीच बघत नाही. दारवानाला विचारून येतो."

मास्तर पडद्याकडेच बघत होते. पडद्यावर घोडा मान उचलून दाराकडे बघत होता. बराच वेळ. मग मास्तरांनी अगदी हळू विचारलं, "मग बाईसाहेबांचं पण दारवानालाच विचारलं होतंस का?"

ऐरणला हे अपेक्षित नव्हतं. म्हणजे होतं, मध्यंतरापासून तो या प्रश्नापासूनच पळत होता. काहीतरी गोड सांगता आलं असतं. अंधार होता, संगीत होतं, माणूस म्हातारा होता. पण एकदा ज्या जागी खिळा वाकडा गेला तिथेच दुसरा ठोकला तर खूर फुटतो, एवढं तर त्याच्या धंद्याने त्याला शिकवलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "तिथे होतो मी. तिचा कान तुमच्याकडे होता. शेवटपर्यंत."

मनगटावरचा हात निघाला.

त्यानंतर पडद्यावर जे व्हायचं ते झालं. दाणावाला हुंदके देऊन रडू लागला आणि हुंदक्यांच्या मधल्या जागेत "नालायका, नालायका," म्हणू लागला; ते कोणाला, हे सांगायची गरज नव्हती. पुढच्या रांगेतली बाई पुन्हा वळली, पण या वेळी तिचेही डोळे भरलेले होते. लेक बापाचा दंड धरून, "बाबा, जायचं का, बाबा?" विचारत होती. बाप हलत नव्हता. डोळे पुसत नव्हता, कारण पुसायला काही नव्हतं. तो घोड्याच्या मृत देहाकडे असा टक लावून बघत होता की ऐरणला भीती वाटली.

मग मास्तर चांगल्या मोठ्याने म्हणाले, "श्वास चालू आहे."

सगळं थिएटर गप्प झालं.

"बरगड्या बघा. शेवटच्या बरगडीमागे."

शाळेची अख्खी रांग पुढे वाकली. खरंच. मेलेला घोडा शांतपणे, नियमित श्वास घेत होता. पडद्यावरचा म्हातारा त्याच्या गळ्यात पडून रडत होता आणि घोड्याचं पोट आपलं वर-खाली होत होतं. बहुधा त्याला झोप लागली असावी. डॉक्टरीणबाईंनी ओल्या आवाजात निदान केलं, "उत्तम तब्येत आहे." दाणावाला रडता रडता हसला आणि त्याला ठसका लागला.

मास्तर हसले नाहीत. "बाईसाहेबांचं तसं नाही," असं काहीतरी ते म्हणाले, किंवा ऐरणला तसं वाटलं.

मैदान आलं. ऊन आलं. पांढऱ्या पायाचा तरुण घोडा शेपटीचा झेंडा करून पळत सुटला. दार उघडलं, आणि दारवानाने उजेडात उभं राहून ऐरणकडे बघत खांदे उडवले. पळतोय की नाही?

बाहेर दाणावाला दोन्ही रुमाल पिळून गाडीत बसला. लेक जाताना थांबली. एवढंच म्हणाली, "काका, तुमच्यावर विश्वास ठेवला होता हो मी." मास्तर सरळ गाडीकडे चालत गेले. मागे वळून पाहणं हा त्यांचा स्वभाव नव्हताच.

घरी बायकोने चेहरा बघून ओळखलं. "मेला?"

"मेला."

"आणि मास्तरांना?"

"सगळंच सांगितलं."

एरवी त्याच्या निकालांवर ती नुसतं "हं" म्हणायची, या वेळी म्हणाली नाही. ताटं वाढता वाढता थांबली. "तो माणूस उद्या खिडकीतूनही उठला नाही तर काय कराल?"

जेवण तसंच राहिलं.

सकाळी त्याने भट्टी पेटवली. नुकतीच आलेली तरुण घोडी खांबाला बांधून तिचा मागचा पाय मांडीवर घेतला. रोज "काय ऐरण," म्हणून जाणारी माणसं आज लांबून, पलीकडच्या भिंतीकडून जात होती. त्याने पाय खाली ठेवला तेव्हा फाटकापाशी मास्तर उभे होते. एकटेच. पायात तेच बूट.

ते ऐरणकडे आले नाहीत. बाईसाहेबांच्या रिकाम्या ठाणात गेले. ऐरण दाराशी जाऊन उभा राहिला, आत जावं की न जावं असा.

"कुठल्या कुशीवर होती?" मास्तरांनी विचारलं.

"उजव्या."

"डोकं?"

"गव्हाणीकडे. इथे."

"कान कुठला?"

"डावा."

मास्तर सावकाश खाली बसले. गुडघे कडकडले. गव्हाणीपाशी, जिथे डोकं होतं तिथे त्यांनी हात टेकला आणि डावीकडे बघितलं. उघड्या दारातून अंगण दिसत होतं, आणि बरोबर मधोमध पाण्याची टाकी. त्यांनी ते नीट पडताळून पाहिलं. परक्या माणसाने सांगितलेला पत्ता पडताळावा तसं.

"मी तिथे होतो," ते म्हणाले.

"हो."

"हाक मारली असती तर ऐकू गेली असती तिला."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना उत्तर हवं होतं.

"गेली असती," ऐरण म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली. बाहेर तरुण घोडीने खुराने जमीन उकरायला सुरुवात केली. मास्तरांनी हात पुढे केला, ऐरणने त्यांना उठवलं. पेंढा झटकावा तर ठाण धुऊन कोरडं ठेवलेलं होतं. तरी दोघांनी पँटी झटकल्या.

"पुन्हा असं कधी झालं," मास्तर म्हणाले, "तर मला आत ओढ. मी काहीही म्हटलं तरी."

"ओढीन."

"तंगडं धरून ओढ."

"ओढीन म्हटलं ना मास्तर."

ते अंगणात आले. मास्तरांची नजर खांबाच्या घोडीवर गेली. ते तिच्याभोवती फिरले, खालून वर नव्हे, वरून खाली बघत. मागच्या पायाशी थांबले.

"ही टाच किती उतरवलीस?"

"हवी तेवढीच उतरवलीय."

"हवी तेवढी? कोणाला हवी तेवढी? हिला विचारलंस, की दारवानाला?"

भिंतीपलीकडे दाणावाल्याच्या हातातलं पोतं खाली पडलं. ऐरणने घोडीचा पाय पुन्हा मांडीवर घेतला, आणि मास्तर गुडघ्यावर हात ठेवून, खूर डोळ्यांजवळ आणून बघायला वाकले.